माकड पडल्याची वर्दी

आपल्या जुन्या घरांतून प्लेगच्या आठवणी अजून पुरत्या पुसल्या गेलेल्या नाहीत. १८९६ साली मुंबईत उतरलेला प्लेग पुढच्या काही वर्षांत हुबळी, धारवाड, बेळगाव या बाजूंना पसरला आणि कुटुंबेच्या कुटुंबे गावाबाहेरच्या माळावर झोपड्या बांधून राहू लागली. त्या झोपड्यांच्या हकिगती आम्ही लहानपणी आजीच्या तोंडून ऐकल्या. त्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येई : ‘उंदीर पडला की घर सोडायचे.’ आढ्यावरून एखादा उंदीर खाली पडून तडफडून मेला, की घरातील कर्ता पुरुष डॉक्टरची वाट पाहत नसे, मुहूर्तही पाहत नसे. त्याच दिवशी भांडीकुंडी गाडीत घालून मंडळी बाहेर पडत.

त्या पिढीला जंतू ठाऊक नव्हता, पिसवेचा दोष ठाऊक नव्हता. उंदरावरील पिसू हा रोग माणसाकडे आणते, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली कराचीत दाखवले, तेव्हा बड्या वैद्यांनी ते सहजी मानले नाही. मुंबईतील प्लेग संशोधन मंडळाच्या प्रयोगांनी ही गोष्ट निर्विवाद ठरेपर्यंत नवे शतक उजाडून काही वर्षे लोटली होती. तोवर सरकार घरे धूत होते, सामानसुमान जाळत होते, आगगाडीतील उतारूंच्या बगला तपासत होते. इकडे आमच्या आजीच्या घरात मात्र जनावराचे मरण ही माणसाला मिळालेली आगाऊ सूचना आहे, एवढे शहाणपण अनुभवाने आले होते.

आज या शहाणपणाला ‘एक आरोग्य’ असे नाव मिळाले आहे. माणसाचे आरोग्य, जनावरांचे आरोग्य आणि भोवतालच्या निसर्गाचे आरोग्य ही तीन वेगळी खाती नसून एकाच खात्याची तीन पाने आहेत, असा त्याचा आशय. विचार नवा नाही. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच माणसाचे वैद्यक आणि जनावरांचे वैद्यक यांच्यात भिंत नसावी, असे सांगितले होते. विसाव्या शतकात काल्विन श्वाबे या अमेरिकन पशुवैद्यकांनी ‘एक वैद्यक’ ही कल्पना मांडली. अलीकडे तर जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, जागतिक पशुआरोग्य संघटना आणि पर्यावरण कार्यक्रम अशा चार जागतिक संस्था या कामी एकत्र आल्या आहेत. आपल्या देशातही नागपूर येथे राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये बसली.

कोनशिला बसते, समित्या नेमल्या जातात, परिपत्रके निघतात. तीन तपांहून अधिक काळ सरकारी नोकरीत काढल्यामुळे या गोष्टींचे मोल आम्हांस ठाऊक आहे आणि मर्यादाही ठाऊक आहेत. म्हणून आमच्या मनात प्रश्न येतो तो पुढचा. असे एकत्र काम खरोखर झाले की नाही आणि त्याचा उपयोग झाला की नाही, हे तपासायचे कसे? हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही. त्यासाठी आपल्याच उंबरठ्यावर आलेल्या एका रोगाचा इतिहास येथे थोडा सविस्तर पाहू. तो रोग म्हणजे माकडताप.

१९५७ सालच्या आरंभीची गोष्ट. तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाचे रान आहे. त्या रानात वानरे आणि लाल तोंडाची माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास रानाकाठच्या खेड्यांतील माणसांना एकाएकी जबर ताप येई, डोके फुटेल असे दुखे, अंग मोडून जाई, काहींच्या नाकातून आणि हिरड्यांतून रक्त येई. त्या पहिल्या हंगामात साडेचारशेहून अधिक माणसे आजारी पडली. ‘माकडे मरतात आणि मग माणसे तापतात’ हा संबंध गावकऱ्यांनी आपसूक जोडला होता. कन्नड भाषेतील ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार, हे नाव त्यातूनच आले.

पुण्यात त्या वेळी विषाणू संशोधन केंद्र होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून ते १९५२ साली स्थापले होते; १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखले जाते. केंद्राचे तत्कालीन संचालक टेलफर्ड वर्क यांच्यापुढे पहिली शंका उभी राहिली ती भयंकर होती. माकडे मरणे आणि मागोमाग माणसांना ताप येणे ही दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराची खूण. हिंदुस्थानात पीतज्वर कधी आलेला नव्हता, पण तो पसरवणारा डास मात्र घरोघर होता. पीतज्वर आला असता तर केवढा अनर्थ झाला असता, याची कल्पनाच केलेली बरी. सुदैवाने माकडांच्या आणि रुग्णांच्या नमुन्यांतून निघालेला विषाणू वेगळाच ठरला. त्याचे नातलग रशियाच्या रानांत मेंदूज्वर आणणाऱ्या विषाणूंच्या कुळात सापडले, आणि त्याचे वाहन डास नसून गोचीड निघाले.

रशियाशी नाते निघताच स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी हे गोचीड आणले असतील काय, अशी शंका आली. या शंकेचा एक चांगला परिणाम झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सालिम अली आणि मुंबईची निसर्ग इतिहास संस्था यांनी पक्ष्यांच्या पायांत वाळे घालून त्यांच्या प्रवासाचा मोठा अभ्यास हाती घेतला. म्हणजे तापाच्या एका साथीने वैद्य, कीटकतज्ज्ञ, पशुवैद्य आणि पक्षितज्ज्ञ यांना एकाच रानात आणून सोडले. ‘एक आरोग्य’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी ते काम सह्याद्रीच्या कुशीत चालू होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

या अभ्यासातून जे चित्र उभे राहिले ते मोठे उद्बोधक आहे. या रोगाचा मुख्य वाहक असलेल्या गोचिडाचे आयुष्य तीन टप्प्यांत जाते. पावसाळा सरला की पाचोळ्यात बारीक पिले दिसू लागतात. ती उंदीर, खार, चिचुंद्री अशा लहान प्राण्यांच्या किंवा पक्ष्यांच्या अंगावर पोट भरतात. पुढे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्यांची मधली अवस्था असते, आणि हीच माणसाला व माकडाला चावणारी अवस्था. म्हणून हा ताप नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो आणि मे-जूनपर्यंत चालतो. पावसाच्या सुमारास गोचीड पूर्ण वाढते. त्या वेळी त्याला मोठे जनावर लागते. पूर्वी ते हरीण, सांबर, गवा असे. माणसाने रानाच्या काठावर भातशेती केली, सुपारीच्या बागा लावल्या आणि गुरे रानात सोडली, तेव्हा त्याला आयतेच हजारोंनी आश्रयदाते मिळाले.

येथे एक खुबी लक्षात घेतली पाहिजे. गाय या तापाने आजारी पडत नाही. तिच्या रक्तात विषाणू इतका वाढतही नाही की तिच्यापासून नव्या गोचिडांना लागण व्हावी. पण तिच्या अंगावर पोट भरलेली मादी हजारो अंडी घालते. म्हणजे गाय रोग देत नाही, रोग देणाऱ्यांची फौज पोसते. माकडाचे उलटे आहे. त्याच्या रक्तात विषाणू उसळतो, ते मरते, आणि ते जेथे पडते तेथे त्याच्या थंड झालेल्या अंगावरून उतरलेले गोचीड पाचोळ्यात पसरून पुढच्या भक्ष्याची वाट पाहतात. त्या ठिकाणी पानपाचोळा गोळा करण्यास किंवा मोळी बांधण्यास गेलेला माणूस सापडतो. माणसाकडून माणसाला मात्र हा ताप लागत नाही. माणूस हा या साखळीचा शेवटचा, अगदी अनावश्यक असा दुवा आहे.

पुण्याच्या केंद्रात काम केलेले कोलंबियाचे साथरोगतज्ज्ञ होर्हे बोशेल यांनी १९६९ साली एक निबंध लिहून हे सारे एका सूत्रात ओवले. रोग परका नसावा, तो रानात मुळातच असावा; वाढती वस्ती, तुटते रान आणि रानात शिरणारी गुरे यांनी त्याचा तोल बिघडवला, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. पुढे १९८२ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यात, बेळतंगडी तालुक्यातील निडले येथे, काजूच्या लागवडीसाठी रान साफ केल्यावर मोठी साथ उसळली, तेव्हा या म्हणण्याचे प्रत्यंतर आले.

आता उपायांकडे वळू. रशियन कुळाशी नाते असल्यामुळे आरंभी त्या कुळातील रोगावरची तयार लस वापरून पाहिली गेली. तिचा उपयोग झाला नाही. मग माकडतापाच्याच विषाणूपासून, कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवून आणि निष्प्राण करून, लस तयार झाली. १९९० नंतर कर्नाटकात ती नियमितपणे देण्यात येऊ लागली. ही माणसांची लस बंगळुरास हेब्बाळ येथील पशुआरोग्य आणि पशुवैद्यकीय जैवपदार्थ संस्थेत तयार होत असे. योगायोग असो वा सोय, पण माणसांना टोचायची लस जनावरांच्या संस्थेने करावी, यापेक्षा ‘एक आरोग्या’चे बोलके उदाहरण कोणते असणार?

आणि तरीही या लसीची कहाणी एकत्र कामाच्या अपुरेपणाचीच कहाणी झाली. २००५ ते २०१० या काळातील रुग्णांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन मात्रा घेतलेल्यांना सुमारे ६२ टक्के आणि वर बळकटीची मात्रा घेतलेल्यांना सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. एकाच मात्रेचा उपयोग जवळजवळ नव्हता. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरी आणि पुढे पाच वर्षे दरवर्षी एक, असे ते वेळापत्रक होते. टोचल्यावर हात ठणके. रोजंदारीवर जगणारा माणूस एवढ्या वेळा दंड पुढे करील, ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होती. शेवटी लसीची परिणामकारकता पुरेशी नसल्याचे दिसून आल्यामुळे २०२२ साली ती देणे थांबवण्यात आले. नवी लस करण्याचे काम हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या संस्थेकडे आले. ही संस्थाही मुळात दुग्धविकास मंडळाने जनावरांच्या लसींसाठी काढलेली. लस थांबल्यावर भर राहिला तो अंगाला लावायच्या गोचीडरोधक तेलावर. त्यांतील डीईपीए हे औषध ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले, हे आपल्या ग्वाल्हेरकर वाचकांना सांगण्यास आनंद वाटतो.

दरम्यान रोग स्वस्थ बसला नव्हता. २०१२ च्या अखेरीस तो बंदीपूरच्या व्याघ्रप्रकल्पात दिसला. मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणाऱ्या वनकर्मचाऱ्यांना तो झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत केरळात वायनाडला त्याने शंभराहून अधिक माणसांना गाठले. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावी आणि २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील केर गावी तो पोचला. म्हणजे शिमोग्याचा आजार आता मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्यांच्या अंगणात आला. त्याच हंगामात गोव्यातील काजूच्या बागांत कामास गेलेल्या मजुरांना लागण झाल्याचे आढळले. बेळगाव बाजूचे मजूर तेथे आजारी पडून उपचारासाठी आपल्या जिल्ह्यात परतले होते. काजूची बोंडे गळतात फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, आणि गोचिडाची चावरी अवस्था असते तीही याच महिन्यांत. पाचोळ्यात उकिडवे बसून बोंडे वेचणाऱ्या बाईला हे कोणी सांगितले होते काय? ताप गोव्याच्या रानात, रुग्ण कर्नाटकाच्या रुग्णालयात, आणि शेजारचे रान महाराष्ट्राच्या ताब्यात. सीमेच्या प्रश्नावर आम्ही सीमाभागातील लोक पिढ्यानुपिढ्या बोलत आलो आहोत. गोचिडाला मात्र ती सीमा कधी दिसलीच नाही.

२०१८ च्या डिसेंबरात शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातील अरळगोडु येथे पुन्हा साथ भडकली आणि त्या हंगामात शेकडो लोक आजारी पडले, अनेक दगावले. रोग ओळखला जाऊन साठ वर्षे उलटल्यावर, तो ओळखला गेला त्याच जिल्ह्यात हे घडले. ज्ञान कमी पडले म्हणून हे झाले, असे म्हणता येत नाही.

मग काय कमी पडले? या ठिकाणी एक खासगी गोष्ट सांगणे आम्हांस भाग आहे. १९८५ च्या सुमारास आम्ही मलनाडातील एका तालुक्याच्या कचेरीत नवखे अधिकारी होतो. तालुक्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. एके दिवशी रानाकाठच्या गावचा एक गुराखी लेखापालाला बरोबर घेऊन आला आणि ओढ्याच्या वर तीन माकडे मरून पडली आहेत, असे त्याने सांगितले. आम्ही त्याचा जबाब लिहून घेतला, अंगठा घेतला आणि कागद वन खात्याकडे पाठवला, कारण माकड वनातले. वन खात्याने तो पशुसंवर्धनाकडे पाठवला, कारण मेलेले ते जनावर. पशुसंवर्धनाने तो आरोग्याकडे पाठवला, कारण भीती माणसाच्या तापाची. आरोग्याने विचारले की माकडांचे नमुने घेतले आहेत काय. नमुने घेण्याजोगे तोवर काही उरलेलेच नव्हते. सगळे शेरे घेऊन कागद आमच्या टेबलावर परत आला तेव्हा अडीच महिने झाले होते आणि पहिला पाऊस पडून गेला होता. आम्ही त्यावर ‘संबंधित खात्यांना कळविले आहे, दप्तरी दाखल’ असा शेरा मारून सही केली.

कोणाचीच चूक नव्हती. प्रत्येक खात्याने आपापल्या नियमाप्रमाणे उत्तर दिले होते आणि प्रत्येक उत्तर मुदतीत होते. त्या गुराख्याचे पुढे काय झाले, हे मात्र आम्ही विचारले नाही. विचारण्यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता. निवृत्तीनंतर माकडतापाविषयी वाचू लागलो तेव्हा ती सही आम्हांस पुन्हा आठवली आणि अद्याप ती मनातून गेलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या क्षेत्रातील युरोपीय अभ्यासकांच्या एका जाळ्याने अशा कामांचे मूल्यमापन कसे करावे यावर २०१८ साली एक हस्तपुस्तिका काढली. तिच्यातील विचार सोप्या शब्दांत असा : केवळ रोगी घटले की नाहीत एवढे पाहू नका. त्याबरोबर सहा गोष्टी पाहा. विचार एकत्र झाला काय, योजना एकत्र आखली काय, काम एकत्र केले काय. आणि त्या कामाच्या पाठीशी माहितीची देवघेव, झालेल्या चुकांतून शिकणे आणि सर्वांना बांधून ठेवणारी रचना होती काय. ही कसोटी आमच्या त्या कागदाला लावून पाहिली. चार खात्यांत कागद फिरला, म्हणजे वरवर पाहता देवघेव झाली. पण विचार चौघांचा चार दिशांनी, योजना नाही, काम नाही, आणि शिकणे तर नाहीच, कारण कागद दप्तरी दाखल झाला.

या मूल्यमापनातील खरी अडचण जमाखर्चाची आहे. गुरांच्या गोचिडांवर औषध मारायचे तर खर्च पशुसंवर्धन खात्याच्या शीर्षाखाली पडतो. गाय तर या तापाने आजारी पडत नाही. म्हणून त्या खात्याच्या अहवालात लाभ दिसतो शून्य. लाभ होतो तो आरोग्य खात्याच्या पुस्तकात, आणि तोही न आलेल्या रुग्णांच्या रूपाने. जे घडले नाही त्याची नोंद कोणत्या वहीत करायची? रान राखल्याचा फायदा तर दहा-वीस वर्षांनी दिसणार, तोवर अधिकारीही बदलतात आणि सरकारेही. खातेनिहाय हिशेब तपासणाऱ्याला असे प्रत्येक काम तोट्याचे वाटते. तिन्ही पाने एकत्र शिवून बेरीज केली, तरच त्याचे मोल कळते.

अशी बेरीज करता येते, याचा दाखला गोव्यानेच दिला आहे. कुत्र्यांपासून माणसाला होणाऱ्या रेबीजविरुद्ध तेथे २०१३ ते २०१९ या काळात राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मोहीम चालवली. वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस टोचली गेली, दीड लाख मुलांपर्यंत शिक्षण पोचले, आणि प्रत्येक टोचलेल्या कुत्र्याची नोंद ठिकाणासह मोबाइलवर होत गेली. या काळात कुत्र्यांतील रेबीज महिन्याच्या सरासरीने ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. खर्च कुत्र्यांवर आणि वाचली माणसे, हे एकाच हिशेबात मांडले गेले, म्हणून ते जगाला पटले. माकडतापाचे काम याहून अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. कुत्रा रस्त्यावर दिसतो, गोचीड पाचोळ्यात असते. कुत्र्याची लस खात्रीची आहे, माकडतापाची नव्हती.

माकडालाही एकमेव पहारेकरी मानून चालणार नाही. दाट रानात पडलेले माकड कोणाच्या दृष्टीस पडेलच असे नाही. कुजलेल्या देहातून विषाणू मिळत नाही. कधी माणूस आधी तापतो आणि माकड नंतर सापडते. गुरे रानात सोडू नका, पाचोळा आणू नका, असे सांगणे सोपे. ज्याची शेती त्या पाचोळ्याच्या खतावर आणि ज्याची चूल त्या मोळीवर चालते त्याला ते पाळणे अवघड. अलीकडच्या अभ्यासांनी रान आणि बागायती यांचे मिश्रण असलेला आणि गावठी गुरांची संख्या जास्त असलेला मुलूख अधिक धोक्याचा असल्याचे दाखवले आहे. नकाशे तयार करताना त्या अभ्यासकांनी स्थानिक अधिकाऱ्यांनाही बरोबर घेतले, ही समाधानाची गोष्ट.

तरीही आमच्या मते या साऱ्या खटाटोपाची एक साधी कसोटी आहे आणि ती कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत लावता येते. माकड पडल्याची वर्दी आली त्या दिवसापासून, ते पडले त्या जागेच्या सभोवार पन्नास मीटरपर्यंत गोचीडनाशक भुकटी पडून, गावात तेल वाटले जाऊन, ‘तिकडे जाऊ नका’ अशी दवंडी पिटली जाईपर्यंत किती दिवस गेले? हा आकडा कमी होत असेल तर चार खाती एकत्र काम करीत आहेत. होत नसेल, तर समितीच्या कितीही बैठका भरोत, कागदच फिरत आहे. किती मात्रा टोचल्या, किती लिटर तेल वाटले, किती शिबिरे भरली, हे आकडे खात्यांचे आहेत. दिवसांचा हा आकडा मात्र गावाचा आहे.

आणि या आकड्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे : वर्दी देणाऱ्याच्या शब्दाला किंमत किती? १९५७ साली क्यासनूरच्या गावकऱ्यांनी जोडलेला संबंध पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ऐकला, म्हणून रोग सापडला. १९८५ साली एक गुराखी तीन मैल चालून आमच्या टेबलाशी आला होता. त्याला रोगाचे शास्त्र ठाऊक नव्हते, जसे आमच्या आजीला पिसवेचे ठाऊक नव्हते. पण दोघांनाही एवढे कळले होते की मुके जनावर मरून काही सांगत आहे.

आजीच्या घरी उंदीर पडल्याची वर्दी आणि गाडी जुंपणे यांच्यामध्ये एक दिवसही जात नसे, कारण तेथे ऐकणारा आणि करणारा एकच होता. आम्ही ऐकणारे एक आणि करणारे चार केले. पुढच्या हंगामात कोणा तरुण अधिकाऱ्याच्या टेबलाशी असा माणूस आला, तर त्याने जबाब जरूर लिहून घ्यावा. मात्र कागद पाठवण्यापूर्वी चारही खात्यांतील आपल्या सहकाऱ्यांना गाडीत घालून त्या ओढ्यापर्यंत जावे. आणि महिन्याभराने त्या माणसाच्या घरी जाऊन, तो बरा आहे ना, एवढे विचारावे.